कोळसा मिसळला म्हणून प्लास्टिक कुजत नाही

प्लास्टिकच्या धंद्यावर आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची रोजीरोटी चालते. धारावीच्या तेरा कंपाऊंडात आणि कुर्ल्यात भंगार निवडणारे, भिवंडीत गोदामे सांभाळणारे, मालेगावात गिट्टी व दाणा तयार करणारे आणि गावोगावच्या बाजारात बादल्या, टोपल्या, कुंड्या विकणारे दुकानदार व फेरीवाले हे सर्व याच साखळीत येतात. म्हणून या धंद्यात एखादा नवा माल किंवा नवा शब्द आला की त्याची नीट पारख करून वाचकांपुढे ठेवणे हे या पानाचे काम आहे, असे आम्ही मानतो. सध्या असाच एक शब्द बाजारात जोरात फिरत आहे. तो म्हणजे ‘बायो’.

मध्यंतरी बादल्या आणि रोपवाटिकेच्या कुंड्या काढणारे एक मोल्डिंगवाले भाई आमच्याकडे आले. त्यांच्या एका हातात काळी कुंडी होती व दुसऱ्या हातात एक छापील पत्रक. दाणा विकणाऱ्या एका एजंटाने ते दिले होते. नेहमीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये नारळाच्या करवंटीचा दळलेला कोळसा शंभरात वीस भाग मिसळला की माल ‘पूर्णपणे विघटनशील’ होतो, जमिनीत पुरला की माती होतो आणि सरकारी बंदीतूनही सुटतो, असे त्यात लिहिले होते. त्यासाठी मिश्रणाचे यंत्र घ्यावे लागणार होते आणि यंत्रासाठी कर्ज. भाईंचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, “यात पैसा घालू की नको?”

आम्ही त्यांना थांबायला सांगितले. जे उत्तर त्यांना दिले ते इतर कारखानदार, दुकानदार व भंगार व्यापाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून ते येथे विस्ताराने देत आहोत. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. वनस्पतीचा कोळसा प्लास्टिकमध्ये घालणे हा चांगला उद्योग होऊ शकतो, पण तो टिकाऊ मालाचा उद्योग आहे. कुजणारा माल म्हणून तो विकणे चूक आहे, आणि जो तसा विकेल त्याचे नुकसान आज ना उद्या होणारच.

तीन शब्द, तीन अर्थ

पहिली गल्लत शब्दांची आहे. ‘वनस्पतीजन्य’, ‘विघटनशील’ आणि ‘कंपोस्टेबल’ हे तीन शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः ते तीन वेगळे आहेत.

वनस्पतीजन्य म्हणजे ज्याचा कच्चा माल झाडापासून किंवा पिकापासून आला. तो कुजेलच असे नाही. ब्राझीलमधील ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिलीन बनवते. कच्चा माल ऊस असला तरी तयार होणारे पॉलिथिलीन हे खनिज तेलापासूनच्या पॉलिथिलीनसारखेच असते आणि त्याच्याइतकेच न कुजणारे असते. उलट पीबीएटी नावाचे प्लास्टिक प्रामुख्याने खनिज तेलापासून बनते, तरीही योग्य परिस्थितीत जंतू ते खाऊन टाकतात. म्हणजे कच्चा माल कोठून आला यावरून तो कोठे जाईल हे ठरत नाही. ते रेणूच्या बांधणीवर ठरते.

विघटनशील म्हणजे जंतू व बुरशी यांनी ज्याचे अन्न करून शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडे जैविक द्रव्य उरते असा पदार्थ. नुसते तुकडे पडणे म्हणजे विघटन नव्हे. उन्हाने बादली तडकली आणि तिचा चुरा झाला तर प्लास्टिक नाहीसे झालेले नसते, ते फक्त बारीक झालेले असते.

कंपोस्टेबल ही त्याहून कडक कसोटी आहे. आयएसओ १७०८८ या मानकानुसार औद्योगिक कंपोस्टच्या सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत १८० दिवसांच्या आत मालातील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. तसेच १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मालाचा १० टक्क्यांहून जास्त भाग राहता कामा नये. घरामागच्या खड्ड्यात एवढी उष्णता टिकत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

कोळसा स्वतःच कुजत नाही

आता कोळशाकडे वळू. करवंटी, बांबू, भाताचे तूस किंवा उसाची चिपाडे पुरेशी हवा न देता तापवली, साधारण ४०० ते ७०० अंशांपर्यंत, की त्यांतील पाणी, धूर व तेलकट वाफा निघून जातात आणि काळा कार्बन मागे राहतो. करवंटीचा कोळसा हा काही नवा पदार्थ नाही. पाणी शुद्ध करण्याच्या सक्रिय कार्बनसाठी तो पूर्वीपासून वापरला जातो.

या कोळशाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो टिकतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात तेथील मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीत मिसळलेला कोळसा आजही सापडतो. ती काळी जमीन ‘टेरा प्रेटा’ या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. लाकूड कुजते, पण त्याचा कोळसा शतकानुशतके राहतो, कारण जंतूंना खाता येईल अशी साखर व तंतुद्रव्ये जळून गेलेली असतात.

दुसरीकडे पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन यांची साखळी कार्बनला कार्बन जोडून बनलेली असते. ती इतकी लांब असते की जंतूंच्या पाचकरसांना ती तोडता येत नाही. तेव्हा न कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये न कुजणारा कोळसा घातल्यावर कुजणारा माल कसा तयार होईल, हा प्रश्न एजंटाला विचारण्यासारखा आहे.

भुसा आणि स्टार्च घातले तर?

काही जण म्हणतील, कोळसा नको, कच्चा लाकडाचा भुसा, तुसाचे पीठ किंवा मक्याचा स्टार्च घालू. तो तर कुजतो. तो कुजतो हे खरे, पण तो काढून खाल्ल्यावर प्लास्टिक तसेच उरते. प्रमाण कमी असेल तर भुशाचे कण प्लास्टिकमध्ये चोहोबाजूंनी बंद होतात आणि फक्त पृष्ठभागावरचे कण जंतूंच्या हाती लागतात. प्रमाण जास्त असेल तर कण एकमेकांना टेकतात, पाणी आत शिरते, माल फुगतो, त्यावर बुरशी धरते व तो ठिसूळ होऊन तुटतो. यात ग्राहकाला टिकाऊ मालही मिळत नाही आणि जमिनीला कुजणारा मालही मिळत नाही.

अमेरिकेत हा अनुभव पूर्वीच घेऊन झाला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे स्टार्च किंवा इतर मसाले घातलेल्या पॉलिथिलीनच्या पिशव्या ‘विघटनशील’ म्हणून खपवण्यात आल्या. पुढे कंपन्यांवर दावे झाले, जाहिराती मागे घ्याव्या लागल्या आणि १९९२ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने अशा हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. युरोपीय संघाने तर उन्हाने तुकडे पडावेत म्हणून मसाला घातलेले ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ प्लास्टिक ३ जुलै २०२१ पासून बाजारातून बंदच केले.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दुकानात मिळणाऱ्या वेगवेगळ्या पिशव्या त्यांनी मातीत पुरल्या आणि समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. ‘बायोडिग्रेडेबल’ छाप असलेली पिशवी तीन वर्षांनंतरही सामान उचलण्याइतकी मजबूत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, मात्र मातीत २७ महिन्यांनंतरही तिचे अस्तित्व होते, जरी वजन टाकताच ती फाटत होती. छापलेला शब्द व प्रत्यक्षातला माल यांत किती अंतर असू शकते ते यावरून दिसते.

पीएलएमध्ये कोळसा: साधा हिशेब

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे प्लास्टिक औद्योगिक कंपोस्टमध्ये खरोखर विघटित होते. मग त्यात कोळसा घातला तर? येथे एक हिशेब करून पाहावा.

८० किलो पीएलए व २० किलो कोळसा घेतला. पीएलएमध्ये वजनाच्या निम्मा कार्बन असतो, म्हणजे ४० किलो. कोळशात ८० टक्के कार्बन धरला तर १६ किलो. एकूण कार्बन ५६ किलो. आता सगळेच्या सगळे पीएलए जंतूंनी खाल्ले असे मानले तरी ५६ पैकी ४० किलो, म्हणजे सुमारे ७१ टक्के कार्बनच बाहेर पडेल. ९० टक्क्यांची अट येथेच मोडली. शिवाय मानक असे सांगते की एका टक्क्याहून अधिक असलेला प्रत्येक जैविक घटक स्वतंत्रपणे विघटनशील असला पाहिजे. कोळसा तसा नाही. म्हणजे चांगल्या, प्रमाणपत्र मिळू शकणाऱ्या मालात भरपूर कोळसा घालून आपण त्याची कंपोस्टेबल ही ओळखच घालवून बसतो.

पीएलएची दुसरी मर्यादाही कारागिरांनी जाणून घ्यावी. सुमारे ५५ ते ६० अंशांवर ते मऊ पडते. साध्या पीएलएच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला बसतो. कोळसा घातल्याने तो थोडा ताठ होतो, पण तेवढ्याने चहाचा पेला होत नाही.

कोळशाचा खरा गुण

एवढे वाचून कोणी असे समजू नये की आम्ही कोळशाच्या विरोधात आहोत. त्याचे गुण आहेत आणि ते टिकाऊपणाच्या बाजूचे आहेत.

कोळशाने प्लास्टिक ताठ होते, ओझ्याखाली कमी वाकते व उन्हाचा मारा अधिक सोसते. काळा कार्बन सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतो, त्यामुळे ते प्लास्टिकच्या आतपर्यंत पोचत नाहीत. म्हणूनच पाण्याच्या एचडीपीई पाइपांसाठी असलेल्या आयएस ४९८४ या मानकात कार्बन ब्लॅकचे प्रमाण २ ते ३ टक्के ठेवण्याची अट आहे. येथे पाइपवाल्यांनी एक खबरदारी घ्यावी. कार्बन ब्लॅक ही तेलापासून मिळणारी अतिशय सूक्ष्म काजळी असते. गिरणीत दळलेला करवंटीचा कोळसा तिच्या मानाने फारच जाडा असतो. दोघांचा रंग काळा असला तरी काम सारखे होत नाही. मानकाच्या पाइपात काजळीच्या जागी कोळसा चालणार नाही.

लाकडाच्या भुशापेक्षा कोळसा दोन बाबतींत सरस आहे. भुसा सुमारे २०० अंशांच्या पुढे करपू लागतो, त्यामुळे बॅरलची उष्णता जपावी लागते. कोळसा आधीच त्याहून जास्त तापलेला असल्याने ती अडचण येत नाही. आणि त्याला बुरशी किंवा वाळवी लागत नाही. त्यामुळे क्रेट, पॅलेट, बागेतली बाके, हत्यारांच्या मुठी, बांधकामातील सळईखालचे ठोकळे अशा मालासाठी तो विचारात घेण्यासारखा आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही त्याचा फायदा आहे, फक्त तो वेगळ्या प्रकारचा आहे. ज्या तुसाचा वा करवंटीचा धूर होऊन गेला असता, त्यातील कार्बन मालात अडकून राहतो. ८० टक्के कार्बन असलेल्या एक किलो कोळशात जवळपास २.९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन बांधलेला असतो. तेलापासूनचा दाणाही तेवढा कमी लागतो. मात्र हा फायदा माल टिकला तरच आहे. म्हणजे न कुजणे हाच येथे त्याचा गुण ठरतो. एजंटाचे पत्रक नेमके हेच उलटे करून सांगते.

तोटे आणि वजनाचा हिशेब

आता तोट्याची बाजू. कोळशाने माल ताठ होतो तसा तो कमी लवचिकही होतो. ताणला तर लवकर तुटतो, आपटला तर लवकर फुटतो. म्हणून बिजागरीसारखी वाकणारी झाकणे, पातळ पिशव्या, पडझड सोसणाऱ्या बादल्या यांत तो जपून वापरावा. रंग काळाच राहतो. कोळसा हवेतील ओल पटकन धरतो, म्हणून मिसळण्यापूर्वी चांगला वाळवला नाही तर मालावर बुडबुडे व चंदेरी रेघा येतात. अर्धवट भाजलेल्या कोळशात डांबरी अंश राहतो, त्याचा वास येतो आणि त्यातील काही द्रव्ये आरोग्याला घातक असतात. तपासणी केल्याशिवाय असा माल खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी मुळीच वापरू नये. भाताच्या तुसाच्या कोळशात वाळूसारखी सिलिका भरपूर असते. ती स्क्रू, बॅरल व साचा घासून टाकते, आणि ही झीज दुरुस्त करण्याचा खर्च एजंट सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब वजनाचा आहे. आपण दाणा किलोने घेतो आणि कुंडी नगाने विकतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९०५ व कोळशाची सुमारे १.४५ धरली, तर २० टक्के कोळशाच्या मिश्रणाची घनता सुमारे ०.९८ होते. साचा तोच असल्याने १०० ग्रॅमची कुंडी आता १०८ ग्रॅमची निघेल. (चॉक पावडर तेवढीच घातली तर ती ११५ ग्रॅमची होईल.) म्हणून २० टक्के दाणा वाचला हे खरे नव्हे, प्रत्यक्षात १३ ते १४ टक्केच वाचतो. दाणा १०० रुपये किलो धरला, तर दळून, चाळून, वाळवून कारखान्यात पोचलेला कोळसा सुमारे ६२ रुपये किलोच्या आत पडला तरच नगामागे पैसा वाचेल. त्यात मिश्रणाची वीज, मजुरी, मोडलेला माल व यंत्राचा हप्ता अजून धरलेला नाही. आमचे भाई हा हिशेब पाहून बराच वेळ गप्प बसले होते.

भंगारवाल्यांचे काय?

या व्यवहारात ज्याला कोणी विचारत नाही तो म्हणजे भंगार निवडणारा. आपल्याकडे माल ओळखायची जुनी रीत आहे. तुकडा पाण्यात टाकायचा. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. आता पॉलिप्रॉपिलीनमध्ये ३० टक्के कोळसा घातला, किंवा एचडीपीईमध्ये २० टक्के, की मिश्रणाची घनता १.०२ च्या आसपास जाते आणि तो तुकडाही बुडतो. टाकीत तळाला पीव्हीसीबरोबर बसलेला हा माल पुढे कोणाच्या तरी बॅरलमध्ये जाईल. पीव्हीसी तापल्यावर आम्ल सोडते आणि यंत्र खाऊन टाकते, हे मालेगाव व धारावीच्या कारागिरांना सांगण्याची गरज नाही. पीएलएचेही तसेच. पीएलए आणि पाण्याच्या बाटलीचे पेट दोन्ही बुडतात, पण पेट सुमारे २५० अंशांवर वितळते आणि पीएलए त्याच्या कितीतरी आधी. चार पीएलएचे पेले पेटच्या ढिगात गेले तर सगळा घाणा बिघडतो.

म्हणून आमचा आग्रह आहे की ज्यांनी असा माल काढायचा त्यांनी साच्यातच खूण कोरावी: कोणते प्लास्टिक, त्यात काय व किती. एका ओळीची ही खूण पुढे दहा वर्षांनी एखाद्या गरीब निवडणाऱ्याची मजुरी वाचवील.

कायदा काय म्हणतो

बंदीतून सुटका होते हा पत्रकातील दावा तर सरळ धोक्याचा आहे. केंद्र सरकारच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या प्लेट, पेले, चमचे, स्ट्रॉ इत्यादी ठरावीक वस्तूंवर बंदी आली. कोळसा मिसळलेला पॉलिप्रॉपिलीनचा चमचा हा प्लास्टिकचाच चमचा आहे. प्लास्टिकच्या हातपिशवीची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन असावी लागते. जाडीच्या अटीतून सूट आहे ती मानकात बसणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांना, आणि त्या बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र विक्रीपूर्वी घ्यावे लागते. मार्च २०२४ मधील दुरुस्तीने ‘विघटनशील प्लास्टिक’ कशाला म्हणावे हेही ठरवून दिले आहे. त्यात सूक्ष्म प्लास्टिक मागे राहता कामा नये अशी स्पष्ट अट आहे. कोळसा घातलेले पॉलिप्रॉपिलीन या व्याख्येत बसूच शकत नाही.

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा. २०१९ च्या कायद्यानुसार फसवी जाहिरात करणाऱ्या उत्पादकाला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत खास मार्गदर्शक तत्त्वेही काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय छापता येत नाहीत. पत्रक एजंटाचे असले तरी कुंडीवर नाव आपल्या कारखान्याचे असते. धाड पडेल तेव्हा एजंटाचा मोबाईल बंद असेल.

मग करावे काय?

प्रथम, आपल्याला कोणता माल काढायचा आहे ते ठरवावे. टिकणारा काढायचा असेल तर कोळसा चालेल. कुजणारा काढायचा असेल तर स्टार्च, पीबीएटी, पीएलए यांचा प्रमाणित दाणा घ्यावा, प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यात आपल्या मनाने काही मिसळू नये. एकाच मालाकडून दोन्हीची अपेक्षा करू नये. आणि जेथे वस्तू एकदाच वापरून टाकायची आहे तेथे पत्रावळ, कुल्हड व भिवंडी-मालेगावच्या मागावरच्या कापडाची पिशवी यांचा विचार आधी व्हावा. तेही आपल्याच कारागिरांचे धंदे आहेत.

दुसरे, यंत्र घेण्यापूर्वी थोडा माल बाहेरून मिसळून आणून स्वतः पारखावा. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोळसा व बिनकोळशाच्या पट्ट्या गच्चीवर उन्हात बांधाव्यात आणि दर महिन्याला वाकवून पाहाव्यात. तुकडा वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवावा, पुसून पुन्हा वजन करावे. ठरावीक उंचीवरून दहा नग खाली टाकून किती फुटले ते मोजावे. कोळशाचा ठरावीक नमुना पूर्ण जाळून राख किती उरते ते पाहावे. राख जास्त तर झीज जास्त. मोठ्या ऑर्डरीपूर्वी ‘सिपेट’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी. तिचे एक केंद्र औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे.

तिसरे, मालावर जे खरे आहे तेवढेच लिहावे. ‘पॉलिप्रॉपिलीन ८० टक्के, करवंटीचा कोळसा २० टक्के. टिकाऊ. कुजत नाही. वापरून झाल्यावर भंगारात द्यावे.’ असे लिहिले म्हणून गिऱ्हाईक पळून जाईल असे आम्हाला वाटत नाही. रोपवाटिकेवाल्याला कुंडी दोन-चार पावसाळे टिकायलाच हवी असते. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकावा, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. येथे तर ऐब सांगायचा नाही, असलेला गुणच त्याच्या खऱ्या नावाने सांगायचा आहे.

आमचे मोल्डिंगवाले भाई अजून कर्जाच्या फंदात पडलेले नाहीत. त्यांनी पन्नास किलो मिश्रण बाहेरून करून आणले, कुंड्या काढल्या आणि त्यातल्या काही गच्चीवर, काही मातीत ठेवल्या आहेत. पत्रकातला ‘विघटनशील’ हा शब्द त्यांनी साच्यावर घेतला नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर यंत्राचे ठरवू, असे ते म्हणतात. हा विलंब आम्हाला शहाणपणाचा वाटतो. ज्या बंधूंपर्यंत असेच पत्रक पोचले असेल त्यांनीही सही करण्यापूर्वी एजंटाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्लास्टिक कोणते, प्रमाणपत्र क्रमांक कोणता आणि कोणत्या मानकाखाली तपासणी झाली. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसा खिशातच ठेवावा.